बुटक्याची जाड कातडी

अकरा पानांत एक अन्याय कायमचा मिटवता येतो, याबद्दल दशांशला त्या रविवारी दुपारी तिळमात्र शंका नव्हती. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती नुकतीच लागली होती. "चहा किती घेशील?" विचारलं तरी दशांशचिन्हापुढचे दोन आकडे सांगायची, म्हणून तिथे तिला हे नाव पडलं आणि घरीही तेच चिकटलं.

अन्याय झाला होता भावोजींवर. दर रविवारी ताईच्या जेवणाच्या टेबलाभोवती चौघं जमायची आणि फासे टाकत एक लांबलचक साहसकथा खेळायची. दशांश कथा सांगायची, बाकीची तिघं त्यातली पात्रं व्हायची. ताई राक्षसीण, ताईची ग्रंथपाल मैत्रीण परी, आणि दातांचे डॉक्टर असलेले भावोजी बुटका. बुटका पहिल्याच गुहेत मरायचा. गेल्या रविवारी तो चौथ्यांदा मेला, तेव्हा भावोजींनी फासे डबीत टाकले आणि म्हणाले, "मी दर वेळी मरतो. आता मला वगळा."

भावोजी गेले की ताई उठणार, ताई उठली की मैत्रीण. आणि या शहरात दशांशला रविवारी जायला दुसरं घर नव्हतं.

तिने आठवडाभर संगणकावर दहा हजार लढाया लावल्या. राक्षसांची ताकद उतरवली. उडून झाल्यावर परीला धाप लागेल असं ठरवलं. बुटक्याची कातडी जाड केली. शेवटी तिन्ही वंश समसमान जिंकू लागले. मग न्याय अर्धवट नको म्हणून तिने गुहेतल्या पहारेकऱ्यांनाही त्याच मापात बसवलं. हे सगळे नवे नियम अकरा पानांत लिहून ती रविवारी टेबलाशी आली.

"परीला धाप?" ग्रंथपाल म्हणाली. "परी आहे ती. जिना चढणारी बाई नाही."

"फक्त दर तिसऱ्या फेरीला," दशांश समजुतीच्या सुरात म्हणाली.

लढाई तीनला सुरू झाली. पहारेकऱ्याने बुटक्याला हाणलं, लागलं नाही. बुटक्याने पहारेकऱ्याला हाणलं. त्यालाही लागलं नाही. परी धापा टाकत बसली. सव्वापाच वाजले तरी कोणी मरेना, कोणी जिंकेना.

"एवढ्यात यांनी चार दाढा उपटल्या असत्या," ताई म्हणाली.

"माझा बुटका दरीत उडी मारतो," भावोजी म्हणाले.

"का, भावोजी? आता तर तुम्ही मरतच नाही."

"म्हणून तर."

दशांशने पानं चाळली. "पान सात. बुटक्याला पडल्यावर निम्मंच लागतं. तुम्ही खाली सुखरूप आहात."

भावोजींनी चष्मा काढून पुसला. "अगं, मरायला मी कधी नाही म्हटलं? आठवडाभर लोकांच्या तोंडात जपून जपून हात घालतो. इथे बेधडक घुसावं आणि मरावं, हीच तर गंमत. पण मेल्यावर काय? तुम्ही तिघी खजिना शोधत फिरता आणि मी मोरीवर भांडी विसळतो."

"मला वाटायचं, तुम्हाला आवडतं," ताई म्हणाली.

दशांशने चारही रविवारांच्या नोंदींची वही उघडली. प्रत्येक घाव, प्रत्येक जखम, कोण कितव्या फेरीत मेलं, सगळं तिच्या बारीक अक्षरात होतं. मेल्यावर तो माणूस किती वेळ खेळाबाहेर राहिला, याचा रकाना नव्हता. मेलेल्याची नोंद तिथेच संपत होती. "मी मरतो" हे तिने ऐकलं होतं, आकड्यांत बसवलं होतं. त्यात खुपतं काय, हे विचारायचं राहून गेलं होतं.

तिने अकराही पानांवर काट मारली आणि मागच्या बाजूला एक ओळ लिहिली: मेलेल्याचं भूत होतं, भुताला कुठेही जाता येतं, बोलता येतं, मारता येत नाही.

बुटका पाच मिनिटांत मेला, अगदी समाधानाने. मग भूत भिंतींतून आरपार फिरू लागलं. त्याने खजिना आधीच पाहून घेतला, ताईचा प्रत्येक डाव चुकीचा ठरवला आणि परीला श्वास कसा घ्यावा ते शिकवलं.

"हे भूत फार वरचढ आहे," ग्रंथपाल म्हणाली.

"जिवंत होते तेच परवडले," ताई म्हणाली. "दशांश, यांचं काहीतरी कमी कर."

दशांशने पेन्सिल उचलली, मग थांबली आणि भुताकडे वळली. "भावोजी, तुम्हाला काय वाटतं?"

भावोजींना हे बहुधा बऱ्याच वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. त्यांचं उत्तर पावणेआठपर्यंत चाललं, आणि त्यातलं एकही वाक्य दशांशला आकड्यांत मांडता आलं नाही.