हृदयाची राखण

स्वस्थ पडून राहण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या रत्नागिरी तालुक्यात नाही! कचेरीत तीस वर्षं मी तेच केलं, फक्त खुर्चीवर. यंदा, म्हणजे चौऱ्याऐंशी साली, मला हार्ट अटॅक आला आणि दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "हृदयाचा एक कोपरा दुखावलाय. उरलेलं वाचवायचं तर तीन आठवडे आडवं राहायचं. उठणं नाही, बोलणं नाही, वजन उचलणं तर नाहीच," तेव्हा मी बायकोला, मालनला, म्हटलं, "एवढंच ना? ह्यात तर आपला जन्म गेलाय!"

पण आमच्या वाडीत आजाऱ्याला बघायला न येणं म्हणजे भांडण उकरून काढणं. आलेला प्रत्येक जण शहाळं खाली ठेवतो आणि म्हणतो, "कसा झाला वो? पयल्यापासून सांगा." पहिल्या दिवशी मी सत्तावीस वेळा पहिल्यापासून सांगितलं. संध्याकाळी माझा पिळलेल्या खोबऱ्याचा चोथा झाला होता.

मालनने तोड काढली. तिचा भाऊ आत्माराम पडवीत बसेल, तोच सगळ्यांना सांगेल आणि माझ्या खोलीचं दार बंद राहील.

दार बंद, पण कान उघडे! खरी हकिकत एवढीच, की मी पडवीत बसून सुपारी कातरत होतो आणि छातीत दुखलं. आत्माराम तेव्हा केळशीला होता. पण मंगळवारी तो सांगत होता, "भावोजी नारळाचं पोतं घेऊन येत होते." बुधवारी पोत्याचा जांभ्या दगडाचा चिरा झाला. गुरुवारी चिरे दोन झाले. शुक्रवारी मी चिऱ्यांसकट विहिरीत पडलो आणि आत्मारामने पोहऱ्याच्या दोराने मला वर ओढलं!

माझी छाती धडधडायला लागली. ही धडधड हृदयाला बरी नव्हे, तेव्हा हे खोटं थांबवणं हाच खरा उपचार, असं ठरवून मी उठलो आणि पडवीत जाऊन ओरडलो, "साफ खोटं! मी सुपारी कातरत होतो!"

शेजारच्या यमुनाबाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"नुसती सुपारी?"

"हो."

"बसल्या बसल्या?"

"हो."

"अगो बाई! आन मी यवढ्या उनातून चालत आले!"

बाबल्या सुताराने तर आणलेलं शहाळं हळूच आपल्या पायाशी ओढून घेतलं. लाज वाटली हो मला! मरता मरता वाचलेला माणूस, आणि कोणाला त्याचं काही नाही! मी घसा खाकरला. "म्हणजे, सकाळी एक चिरा सरकवला होता."

"सरकवलाव का उचललाव?" बाबल्याने विचारलं.

"उचललाच म्हणा."

"कसा?"

अंगणात कुंपणाच्या गडग्यासाठी आणलेले चिरे रचून ठेवले होते. मी वाकलो, एक चिरा गुडघ्यापर्यंत आणला आणि फाटकात स्कूटर थांबली. डॉक्टर!

ते ओरडले नाहीत. त्यांनी चिरा माझ्या हातातून काढून घेतला, माझ्या जिभेखाली गोळी ठेवली आणि मला तिथेच अंगणात आडवं केलं. मालन धुणं टाकून ओल्या हातांनी धावत आली. "अवो, माझा तरी विचार करायचात!" म्हणाली आणि ढसाढसा रडली. इतक्या वर्षांच्या संसारात तिला असं रडताना मी पाहिलं नव्हतं. फार वाईट वाटलं. भीतीही वाटली, कारण छातीत आता खरंच दुखत होतं.

पुन्हा दवाखाना, पुन्हा कार्डिओग्राम. दुखावलेला कोपरा वाढला नव्हता, हे नशीब. मात्र झालेले दिवस डॉक्टरांनी धरले नाहीत. नव्याने तीन आठवडे!

तर मी पडून आहे. छपराची कौलं मोजून झाली. बाहेर आत्माराम बसलाय, गर्दी दुप्पट आहे आणि तो मी चिरा उचलल्याची हकिकत सांगतोय. दार नीट लावून घे, असं मालनला मी सकाळपासून कितीदा तरी विनवलं. कारण या वेळी मेला एक शब्दही वाढवून सांगत नाही!