खुमेंद्र गुरुजींचा परवलीचा शब्द

खुमेंद्र गुरुजींनी नायलॉनचा दोर पलंगावर ठेवला, तेव्हा दुर्गेश्वरीनं आधी दोराकडे पाहिलं, मग गुरुजींकडे. दोराकडे पाहताना तिच्या नजरेत जरा तरी आदर होता.

"हा बैलाले आणला का?"

"नाई, मलेच बांधाचं हाये ना," गुरुजी पुटपुटले. ही हौस बायकोला सांगायलाच त्यांना सहा महिने लागले होते. दुर्गेश्वरी गोंदियाच्या दवाखान्यात नर्स. नवऱ्याच्या हौसेला तिची हरकत नव्हती, अकलेला होती.

"ओढला का हा फास आवळते. नस दबली तं हात लुळा पडन. मंग फळ्यावर पायानं लिहान का?"

पुढच्या रविवारी गुरुजींनी बाजारातून लोखंडी बेड्या आणल्या. कडा धारदार, चावी एकच, तीही वाकडी. दुर्गेश्वरीनं त्या चिमटीत उचलून भंगाराच्या पोत्यात टाकल्या. शेवटी तिनंच मोबाइलवर शोधून मऊ अस्तराचे, वेल्क्रोचे रुंद पट्टे मागवले.

"पट्ट्यात दोन बोटं सरकली पायजेत. कैची उशाशी. मी खोली सोडून जाणार नाई. आन सोडाचं असन तं एक शब्द ठरवा, एरवी या खोलीत कोणी बोलत नाई असा."

गुरुजींनी वार्षिक परीक्षेचा पेपर काढावा तसा विचार केला. "थांब?"

"मी बोलाले लागली का तुमी रोजच म्हणता ते."

"मंग तहसीलदार!"

पार्सल आल्यावरच्या रविवारी दुपारी सासूबाई, शांतीबाई, नागऱ्याच्या देवळात निघाल्या आणि पट्टे बाहेर आले. दोन बोटं सरकली, कैची उशाशी आली, सगळं शास्त्राप्रमाणे झालं. चौथ्या मिनिटाला गुरुजींच्या पोटरीत गोळा आला.

"तहसीलदार! तहसीलदार! अवो, तहसीलदार!"

खर्रर करून दुर्गेश्वरीनं दोन सेकंदांत पट्टे सोडले. "एकदा म्हटलं का पुरते! अख्खं कार्यालय बोलावता का?"

पण जीप न मिळाल्यानं शांतीबाई वाटेतूनच परतल्या होत्या. अंगणात येताच त्यांनी लेकाची आरोळी ऐकली आणि घरी तहसीलदार आले असं समजून तशाच शेजारी दुलीचंदकडे धावल्या. दुलीचंदच्या जमिनीचा फेरफार दोन वर्षं अडकला होता. गुरुजींच्या सदऱ्याची बटणं लागेपर्यंत अंगणात सतरा माणसं, सतरा अर्ज, एक खुर्ची आणि एक हार जमला होता.

"गुरुजी, सायेब कुठं हायेत?" दुलीचंदनं विचारलं.

वीस वर्षं पोरांना अपूर्णांक समजावणाऱ्या गुरुजींना एवढंच सुचलं, "सायेब... येऊन राहिले."

दुर्गेश्वरीनं कपाळावर हात मारला. याच्यापेक्षा पोटरीतला गोळा शहाणा, असं तिला वाटलं.

तेवढ्यात कोणीतरी तलाठ्याला फोन लावला. पोळ्यापासून गावाला तोंड न दाखवलेला तो माणूस अर्ध्या तासात दप्तरासकट हजर झाला. साहेब कोणत्याही क्षणी येतील या धास्तीनं त्यानं मान वर न करता दिवस मावळेपर्यंत सतरा अर्ज निकाली काढले. साहेब आलेच नाहीत, आणि कोणाला त्यांची आठवणही झाली नाही.

"गुरुजींमुळं झालं हे!" म्हणत दुलीचंदनं साहेबांचा हार गुरुजींच्या गळ्यात घातला. गुरुजींनी तो मोठ्या विनयानं घालून घेतला. हा विनय पाहून दुर्गेश्वरीच्या दाढा दुखू लागल्या.

अंगण रिकामं झाल्यावर शांतीबाईंनी खुर्ची आत ओढली आणि लेकाला म्हणाल्या, "पुढच्या आयतवारी मी दिवसभर देवळातच राहातो, बापू. फक्त एक डाव बीडीओच्या नावानं ओरडजो. घरकुलाचं काम राहिलं हाये."