निर्लेखित इंजिनाचा ड्रायव्हर

कांबळे ड्रायव्हर शिट्टी दिल्याशिवाय मागे सरकत नसत. मग ते इंजिनात असोत, लग्नाच्या पंगतीत असोत की चेअरमनच्या केबिनमध्ये. दोन बोटं तोंडात घालायची, शिट्टी द्यायची, डावी-उजवीकडे बघायचं आणि मगच पाऊल मागे टाकायचं. चेअरमनना नमस्कार करून मागे सरताना त्यांनी पहिल्यांदा शिट्टी मारली, तेव्हा हा माणूस आपली टर उडवतोय असं चेअरमनना वाटलं. त्यांनी कांबळ्यांना दोन दिवस सस्पेंड केलं. कांबळ्यांचं म्हणणं एवढंच होतं, "मागं सरताना मागं कोन हाय दिसत न्हाय. शिट्टी द्याय लागतीया की."

कोल्हापूरजवळच्या एका साखर कारखान्यात मी स्टोअरचा हेडक्लार्क होतो. कारखान्याचं नाव सांगत नाही. सांगण्यासारखं त्याने काही ठेवलेलं नाही.

कारखान्यापर्यंत तेव्हा रेल्वेचा फाटा आलेला होता. मोठं इंजिन मालाच्या वाघिणी, म्हणजे डबे, फाटकावर आणून सोडायचं. तिथून गोदामापर्यंत त्या ओढायला कारखान्याचं स्वतःचं छोटं डिझेल इंजिन होतं. चार चाकांचं, बुटकं, आणि आवाज मात्र इचलकरंजीतल्या शंभर मागांचा. कामगार त्याला टमरेल म्हणत. असं कुणी म्हटलं की कांबळे थांबत आणि बजावत, "रूळ सोडून बोलायचं न्हाय." हे वाक्य ते सगळीकडे वापरत. युनियनच्या सभेत, बाजारात भाजीवाल्याशी, आणि एकदा तर मुलीला बघायला आलेल्या पाव्हण्यांसमोरही.

हे इंजिन येण्याआधी वाघिणी माणसं ढकलायची. पंधरा-वीस जण खांदा लावत, बाकीचे चाकाखाली पहारी घालत. कांबळ्यांचे वडील खांदा लावणाऱ्यांतले. एकदा कुणीतरी न सांगता वाघीण मागे सोडली आणि ते दोन डब्यांच्या बफरांमध्ये सापडले. पुढच्या वर्षी इंजिन आलं. मयताचा मुलगा म्हणून कांबळ्यांना त्यावर खलाशी, म्हणजे ड्रायव्हरच्या हाताखालचा मदतनीस, म्हणून घेतलं, आणि पुढे ते ड्रायव्हर झाले. चेअरमन भाषणात याला सामाजिक न्याय म्हणत. कांबळ्यांनी मला एकदाच सांगितलं, "ह्ये वरीसभर आधी आलं असतं तर माझा बा वाचला असता. पर त्येचा काय दोष? उशीर काय त्यानं न्हाय केला."

नव्वदीच्या मध्यावर साखर ट्रकने जाऊ लागली. ट्रक चेअरमनच्या मेहुण्याचे होते, त्यामुळे रेल्वे परवडत नाही हे संचालक मंडळाला एकाच बैठकीत पटलं. फाटा बंद झाला, इंजिन शेडमध्ये गेलं आणि कांबळे गेटवर वॉचमन झाले.

पण दर सोमवारी ड्यूटी सुटली की ते शेडमध्ये जायचे. इंजिन चालू करायचे, वीस हात पुढे न्यायचे, शिट्टी देऊन वीस हात मागे आणायचे. "बसून ऱ्हायलं की गुडघं धरत्यात. मानसाचंबी आन् त्येचंबी." डिझेल ट्रॅक्टरवाले द्यायचे. बॅटऱ्या कुठून यायच्या हे कुणी बोलत नसे, पण सोमवारी संध्याकाळी चेअरमनची जीप हमखास चालू व्हायची नाही. फाटा कधीतरी पुन्हा सुरू होईल आणि तोवर इंजिन जिवंत ठेवायला पाहिजे, एवढं एकच खूळ त्यांच्या डोक्यात होतं. इंजिन मोडीत काढू नका, म्हणून ते अर्जावर अर्ज करत. सगळे अर्ज माझ्याच टेबलावर येत. शेवटचं वाक्य ठरलेलं असे, 'इंजिन चालू असून कामास तयार आहे.' मला त्याचं हसू यायचं. आता येत नाही.

दोन हजार साल उलटल्यावर एकदाचं त्यांना उत्तर गेलं. ते मीच टाइप केलं होतं. 'आपल्या अर्जास अनुसरून कळविण्यात येते की, सदर इंजिन निर्लेखित करण्यास संचालक मंडळाने मंजुरी दिली आहे.'

निर्लेखित म्हणजे नोंदीतून उडवून भंगारात काढलेलं. हा शब्द घरात कुणी बोलत नाही, बाजारात कुणी बोलत नाही. ज्यांना माणसाच्या तोंडावर वाईट सांगायचं नसतं त्यांनी तो काढलेला आहे. कांबळ्यांनी 'लेखित' वाचलं, 'मंजुरी' वाचली आणि लेखी मंजुरी आली असा अर्थ लावला. पेढ्यांचा पुडा घेऊन ते थेट माझ्याकडे आले.

"घ्या भाऊसाहेब. ईस अर्ज केलतं. शेवटाला दिलं की लिवून."

मी पेढा घेतला. त्यांनी आग्रह केला म्हणून दुसराही घेतला. एवढ्या आनंदात असलेल्या माणसाला कशाला दुखवा, अशी मी माझी समजूत घातली. ती खोटी होती. मी चेअरमनला भीत होतो. मी खरा अर्थ सांगितला असता तर कांबळ्यांनी त्याच दिवशी सगळीकडे बोभाटा केला असता, आणि इंजिन कदाचित वाचलंही असतं. पण 'तुला कुणी सांगितलं' या प्रश्नाला उत्तर माझं नाव होतं.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. त्यांची मुलगी मुरगूडला शाळेत शिकवायची. तिने फोनवर अर्थ सांगितला होता. तो खरा आहे का, हे विचारायला ते माझ्याकडे आले होते. माझ्या टेबलावर एक जाडी वही पडलेली होती. तिच्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'निर्लेखन नोंदवही', आणि खाली माझं नाव. कांबळ्यांनी अक्षरांखालून बोट फिरवत ते वाचलं. मग माझ्याकडे बघितलं.

"बरं हाय, भाऊसाहेब," म्हणाले आणि गेले.

आठवड्याने शिरोलीकडचा एक भंगारवाला आला. त्याने मशीन, गिअरबॉक्स, जे खपेल ते काढून नेलं. सांगाडा न्यायला क्रेन मिळेना, म्हणून तो राहिला. पुढे कारखान्याचा महोत्सव आला आणि कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की तो गेटसमोर चौथऱ्यावर ठेवावा. आमचं इंजिन वाचलं ते असं. त्याला पिवळा आणि गुलाबी रंग दिला. भोवती शोभेची झाडं लावली. पुढे संगमरवरी पाटी बसवली, 'इतिहासाचे जतन', आणि खाली चेअरमनसह सगळ्या संचालकांची नावं. ज्यांनी पोट फाडलं त्यांचीच नावं.

अनावरणाला निवृत्त कांबळ्यांना फोटोपुरतं बोलावलं होतं. जुना खाकी शर्ट घालून ते रिकाम्या केबिनमध्ये बसले आणि सांगितल्यावर उतरले. प्रदीर्घ सेवेबद्दल मलाही शाल मिळाली. ती खांद्यावर घेऊन मी शेजारीच उभा होतो.

एका वर्तमानपत्राच्या पोरीने कांबळ्यांना विचारलं, "इंजिन चालू होतं म्हणतात. मग भंगारात काढताना तुम्ही काहीच कसं बोलला नाहीत?"

चेअरमन दुसरीकडे बघू लागले. कांबळे गुलाबी पत्र्यावर हात ठेवून उभे होते.

"कागद आलता," ते म्हणाले. "पर त्यात योक अवघड शब्द हुता. मला कळला न्हाय."

"मग कुणाला विचारायचं होतं."

"इचारलं की. भाऊसाहेबांस्नी इचारलं." त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "त्यास्नीबी कळला न्हवता. न्हायतर त्यांनी सांगितलं असतं. मानूस चांगला हाय."

पोरीने वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते तसंच छापून आलं, माझ्या नावासकट. मी ते दोनदा वाचलं आणि दुरुस्ती कळवली नाही.