खटाऱ्याचं मागणं

माझ्या गाडीला कुणी साबणाची वडी म्हटलेलं मी खपवून घेत नाही! आधीच सांगून ठेवतो. तीस वर्षं पत्र्याच्या वीतभर गाड्या बनवतोय, अख्ख्या ला पाझमध्ये माझ्यासारखा हात नाही. आणि आमचा शेजारी सातुर्निनो, मालकाची मिनीबस हाकून हाकून ज्याचं कंबरडं वाकलंय, तो चारचौघांत म्हणतो काय, "कासिमिरो, तुझ्या गाड्या म्हणजे साबणाच्या वड्यांना चाकं! खेळणी नुसती!"

माझं डोकंच सटकलं.

"खेळणी? लाव पैज! तुला अशी मिनीबस बनवून देतो, की जत्रेत एकाने जरी तिला खेळणं म्हटलं तर मी हरलो!"

"हरलास तर?"

"तर एकेको होऊन भर जत्रेत तासभर उभा राहीन!"

एकेको म्हणजे आमचा भरभराटीचा देव. मिशाळ, ठेंगू, हात पसरलेले, अंगावर अर्धं वाण्याचं दुकान लटकलेलं आणि तोंडात भक्तांनी पेटवून दिलेली सिगारेट.

"आणि नाहीच म्हटलं कुणी, तर तू उभा राहायचं!"

"मंजूर," सातुर्निनो म्हणाला. मग जरा आवाज उतरवून, "पण नीट बनव रे. यंदा धूप तिलाच द्यायचाय. पंधरा वर्षं मालकाच्या शिव्या खाल्ल्या, आता स्वतःची हवी."

चोवीस जानेवारीला, एकेकोच्या जत्रेत, दुपारच्या बाराच्या ठोक्याला छोट्या वस्तूला धूप दिला, की वर्षाच्या आत तीच मोठी होऊन दारात येते. हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

मी कामाला लागलो. आता मला सांगा, नवी कोरी गाडी बनवायला काय अक्कल लागते? खरी गाडी दिसते कशी? मी आठवडाभर स्टँडवर बसून बघितलं. मग टायर पॉलिश पेपरवर घासून पार टकले केले. समोरच्या काचेला सुईने तडा पाडला, वर चिकटपट्टी. दाराला तांब्याची तार. सीट फाडून आतला पिवळा स्पंज बाहेर काढला. चमच्याच्या पाठीने पोचा मारला, मेणबत्तीच्या धुराने सायलेन्सर काळा केला. इंजिनखाली तेलाचा डाग पाडला तेव्हा तर, खोटं नाही सांगत, माझे डोळे भरून आले!

जत्रेच्या दिवशी गाडी पेपरात गुंडाळून सातुर्निनोच्या बायकोच्या हातात दिली.

"निकोलासा वहिनी, आत्ता उघडू नका. मजा जाईल."

वहिनी धूप द्यायच्या रांगेत गेल्या आणि मी मोबाइलवर गाडीचा फोटो दाखवत सुटलो. आठ ड्रायव्हर फसले! एक म्हणाला, "ही तर आमच्या लाइनीवरची!" ट्रॅफिकचा पोलीस तर उखडलाच. "हा खटारा रस्त्यावर आणला कुणी? मालकाला बोलवा!"

"सातुर्निनो, मिशी वाढवायला घे!" मी टाळी मागितली.

"फोटोत गाढवही घोडा दिसतं!" तो फोटोकडे न बघताच गुरगुरला.

इतक्यात बारा वाजले. घंटा, फटाके, धूरच धूर! त्या धुरात यातिरीबाबाने, म्हणजे धूप देणाऱ्या आमच्या भगताने, पेपर सोडला, गाडीवर पाकळ्या टाकल्या, दारू शिंपडली, मंत्र पुटपुटला. धूर निवळला आणि किंकाळी आली.

"मेल्या कासिमिरोऽऽ! ही काय अवदसा!"

"वहिनी, बारकावे तर बघा..."

"बारकावे? टायर टकले! काच फुटकी! दाराला तार!"

सातुर्निनो लाल मिरचीसारखा पेटला. "जन्मभर दुसऱ्याचा खटारा हाकला, आता माझ्या नावाने देवाकडे खटाराच मागितलास? दुसरं काही नाही मिळालं तुला मागायला?" त्याचा आवाज चिरकला. "बाबा, बदलून मिळेल?"

यातिरीबाबा थंडपणे म्हणाला, "मागितलं ते मागितलं. वर पोचलं."

तेवढ्यावर भागलं असतं, पण हौसेच्या भरात मी पेपरात गुंडाळून विकलेल्या बाकीच्या वीस गाड्यांवरही हात फिरवला होता ना! गिऱ्हाइकं धावत आली.

"माझ्या टॅक्सीच्या सीटवर काय सांडलंय हे?"

"सूप आहे, ताई. खऱ्या टॅक्सीत..."

"माझा ट्रक एका अंगाला का झुकलाय?"

"माल भरलाय म्हणून, काका!"

"याच्या मालाच्या आईचा घो!" कुणीतरी कॉलर धरली. एका आजीने डोक्यावरची हॅट काढून मला बडवायला सुरुवात केली. माझ्या दुकानाचा बांबू कडाडला. मी बोंब ठोकली, "अहो, खरी कुठाय ती! पत्रा आहे, पत्रा! खेळणं आहे, बायांनो, नुसतं खेळणं!"

आजीची हॅट हवेतच थांबली.

सातुर्निनोचं तोंड हळूहळू कानापर्यंत फाकलं. "काय म्हणालास?"

"कुठे काय?"

"बाबा, ऐकलंत?"

"मी ऐकलं, देवाने ऐकलं," यातिरीबाबा म्हणाला. "बनवणाराच खेळणं म्हणतोय, तर मागणं रद्द. आता एकेकोकडे नव्याने माग."

"पण बारा वाजून गेले की!"

"देव स्वतः उभा राहणार असेल तर घड्याळ कोण बघतं?"

पैज मीच हरलो होतो! मला उचलून चौथऱ्यावर ठेवलं. काजळीची मिशी काढली. मी अंगावर लटकवायला बोटाएवढी तेलाची बाटली पुढे केली, तर वहिनींनी ती भिरकावली. "खरेपणाची हौस ना तुला?" मग काय! गळ्यात पाच किलोचं खरं पीठ, एका हाताला तेलाचा डबा, दुसऱ्याला बॅग, पाठीवर सतरंजी, काखेत जिवंत कोंबडी. तोंडात सिगारेट खुपसून वहिनी म्हणाल्या, "देव हलत नाही. हललास तर तास पहिल्यापासून!"

"वहिनी, नाकाला खाज..."

"देव खाजवत नाही!"

चार पावलांवर लोक रडेपर्यंत हसत होते. पन्नास मिनिटं गेली. हात गळायला आले. तेव्हा सातुर्निनो पुढे आला. टोपी काढली, हात जोडले. थट्टेने नाही हो, खरंच जोडले.

"एकेकोबाबा, मिनीबस दे. चारी टायर नवे. काच धड. आपलं आपण बंद होणारं दार. एवढंच."

मी आजवर कुणाला सोडलं नाही, पण त्या वेळी पैज, तास, सगळं विसरलो. दिली रे बाबा तुला, म्हणून मी मान हलवली.

"हलला!" सातुर्निनो आनंदाने किंचाळला. "देव हलला रे! लावा तास पहिल्यापासून!"