घरचा आंबा ठीक आहे

झाड मेल्यावर त्याच्या मागे कोण कोण राहिलं, हे लिहिणारा माणूस मी एकच पाहिला. सखारामभाऊजी. "खिंडीतला उंबर वारला. वय ठाऊक नाही. मागे दोन रोपं आणि पुष्कळ माकडं." बाजारची माणसं वाचून हसायची. भाऊजी हसायचे नाहीत.

जंगलखात्यातून गार्ड म्हणून सुटल्यावर त्यांनी हा उद्योग काढला. दर बाजारी पाठकोऱ्या कागदावर आठवड्याची डोंगराची हकिकत लिहायची आणि राजूरला माझ्या गिरणीच्या भिंतीला डकवायची. खळीला पीठ माझंच. नियम एकच, स्वतः पाहिलं तेवढंच लिहायचं.

एकदा एकजण आला. "भाऊ, वाघ आलाय, लिवा."

"तुमी बघितला?"

"मेव्हण्यानं बघितला."

"मंग मेव्हण्याला पाठवा. त्यो नसंल येत तर वाघाला पाठवा."

शेवटची ओळ मात्र कधी बदलली नाही. 'घरचा आंबा ठीक आहे.' डोंगराच्या बातम्यांत यांचा आंबा कशाला, असं सगळेच म्हणत. मीही म्हणायची.

बहात्तरचा पाऊस कोरडा गेला. पुढच्या उन्हाळ्यात कागदावर नुसती मर्तिकं येऊ लागली. झरा आटला, हिरडा वठला, तळ्यात मासे उलटे झाले. मी म्हटलं, "भाऊजी, एखादं बारसं लिहा की."

"दिसलं की लिवतो, वहिनी."

चारा कुठंच नव्हता. एका बाजारी कोणाची तरी शेळी आली आणि खळीच्या वासानं अख्खा कागद खाऊन गेली. माणसं पोट धरून हसली. भाऊजी मात्र रस्त्याकडं बघू लागले. एस.टी. यायची वेळ झाली होती. त्यांनी माझ्याकडून चहाच्या पुड्याचा कागद घेतला, त्यावर फक्त आंब्याची ओळ लिहिली, भिंतीला लावली आणि गिरणीच्या आत येऊन पोत्यामागं उभे राहिले.

गाडीतून त्यांची लेक हौसा उतरली. तिनं चार वर्षांपूर्वी परजातीत लग्न केलं, तेव्हा भाऊजी भर चौकात म्हणाले होते, "मेलो तरी तिच्या हातचं पाणी घेणार न्हाई." ती अकोले गावाहून बाजाराला येते, हे मला माहीत होतं. भिंतीपाशी थांबते, हे त्या दिवशी पाहिलं. तिनं ती एक ओळ वाचली, पदर सारखा केला आणि भाजीकडं गेली. त्या आंब्याची कोय तिनंच लहानपणी पुरली होती.

आणि तो आंबा चैत्रातच वाळला होता. मी रोज पाण्याला त्यांच्या अंगणावरून जायची. न पाहिलेलं जन्मात न लिहिलेला माणूस दोन महिने खोटं लिहीत होता.

ज्येष्ठात गढूळ पाण्यानं त्यांना हगवण लागली. चार दिवसांत माणूस अंथरुणाला चिकटला. बाजाराच्या सकाळी मी पेज घेऊन गेले. त्यांनी पेजेकडं पाहिलंही नाही. म्हणाले, "वहिनी, आज तुमी लिवा. बाकी काई नको. आंबा ठीक हाय, एवढंच."

मी चौथी शिकलेली. अक्षर कोंबडीच्या पायाचं. पण नियम त्यांचाच होता. मी लिहिलं, 'आंबा वाळला. माणूस पडून आहे.' आणि काठी घेऊन भिंतीपाशी बसले, शेळी येऊ नये म्हणून.

हौसानं वाचलं. दोनदा वाचलं.

"काकू, कधीपासनं?"

"आंबा का माणूस?"

ती बाजाराची पिशवी माझ्या पायाशी टाकून चढावाला लागली.

भाऊजी त्यानंतर तीन दिवस जगले. लेकीशी बोलले की नाही, मला ठाऊक नाही. मी पाहिलं नाही. तिच्या हातची पेज पिताना मात्र पाहिलं.