‘येतो’चा कार्यालयीन अर्थ

रोह्याजवळच्या धाटावच्या एका कारखान्यात ‘कन्स्ट्रू’ हे इंग्रजी क्रियापद रीतसर लागू झाले. कामगाराच्या बोलण्या-वागण्याचा अर्थ यापुढे व्यवस्थापन लावील व त्यास ‘कन्स्ट्रू करणे’ म्हणावे, अशी सूचना फलकावर लागली. याआधी कामगार आपला अर्थ स्वतःच लावत आणि त्याने उत्पादनावर परिणाम होई.

निडी गावचे दिनानाथ तिथे ऑपरेटर. शनिवारी पेणला त्यांच्या मुलीचा, नम्रताचा साखरपुडा होता. ते मनुष्यबळ अधिकारी आदर्शसाहेबांपुढे उभे राहिले.

“साहेब, शनिवारची रजा हवी होती.”

“होती. म्हणजे आता नकोय.”

“नाय नाय, हवी हाय!”

“दोन ‘नाय’, एक ‘हाय’. बहुमताने नको.”

“अवो साहेब, पोरीचा साखरपुडा!”

“अभिनंदन! खर्च वाढणार. म्हणजे तुम्ही ओव्हरटाइम मागताय.”

दिनानाथ गप्प झाले. मौन संमती म्हणून कन्स्ट्रू झाले. आता इथे डोके फोडण्यात अर्थ नाही, हे ओळखून त्यांनी हात जोडले. “बरं, येतो साहेब.”

निरोप घेताना ‘जातो’ म्हणू नये, एवढेच त्यांना ठाऊक. साहेब रोह्याचेच, घरून निघताना तेही ‘येतो’च म्हणत. पण तो घरगुती शब्द होता, हा कार्यालयीन. त्यांनी शनिवारच्या पाळीत दिनानाथचे नाव घातले आणि शेरा मारला, ‘स्वखुशीने येतो म्हणाले.’ खाली समज दिली, ‘न आल्यास राजीनामा असे कन्स्ट्रू करण्यात येईल.’

नोकरी गेली तर लग्न कशावर करायचे? शनिवारी दिनानाथ कामावर आले. मोबाइल नियमाप्रमाणे गेटवर जमा केला.

पेणला पाहुणे ताटकळले. नवऱ्या मुलाची आत्या विमलबाई इंग्रजी शिकलेली नव्हती, तरी कन्स्ट्रूचे काम चोख करून गेली.

“बाप आला नाय, फोन उचलीत नाय. म्हंजे त्याच्या मनातच नाय. उठा!”

साखरपुडा मोडला. नम्रताला बोलायचे होते, पण ऐकायला कुणी थांबले नाही.

सोमवारी साहेबांनी हसत विचारले, “काय, झाला ना साखरपुडा?”

दिनानाथच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. ते आनंदाश्रू म्हणून कन्स्ट्रू करून साहेबांनी पेढे मागितले.

सगळे खाते ऐकत होते. कुणी चकार शब्द काढला नाही.

तुम्हीही इथवर मुकाट वाचत आलात, मधे एकदोनदा हसलातही. तुमची काही हरकत दिसत नाही.