अकरा पानांचं वाळवण

संघमित्राच्या ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या जागी एक मोठी काचेची बरणी आली, आणि आपली सिरियल बुडाली म्हणून तिची आई सुंदराबाई त्या बरणीवर डूख धरून होती. बरणीत खारं पाणी, पाण्यात समुद्री शेवाळाची अकरा हिरवी पानं. लॅबचा एसी बिघडला म्हणून संघमित्रानं हे बिऱ्हाड घरी आणलेलं. ती त्याच्यापुढे हनुवटीला हात लावून तासन्‌तास बसायची. बुडबुडे वर जात, पानं डुलत, आणि आईची बडबड, कुकरची शिट्टी, सगळं पाण्याखालून ऐकू आल्यासारखं वाटायचं.

या शेवाळाची पुढची पिढी कशी जन्मते, हा तिचा विषय. पण तीन महिन्यांत एकाही पानानं पाण्यात जननपेशी सोडल्या नव्हत्या. गुरुवारी लॅबच्या प्रमुख राजश्री मॅडम घरी बघायला येणार होत्या. तोवर काही घडलं नाही, तर प्रकल्प बंद आणि संघमित्रा घरी.

"घरजावयासारखी बडदास्त ठेवलीयस," सुंदराबाई म्हणाल्या. "खातात तरी का हे?"

"जपानात खातात," संघमित्रा तंद्रीतच म्हणाली.

रविवारी जेवायला भजी होती. जरा खारट, पण अशी कुरकुरीत की संघमित्रानं दोनदा मागून घेतली. मग बरणीसमोर तिचा डोळा लागला. स्वप्नात ओहोटी होती. ती खडकावर बसलेली, आणि डबक्यातलं शेवाळ पाण्यात हिरवा धूर सोडत होतं. कुणाला घाई नव्हती, कुणी रिपोर्ट मागत नव्हतं. जाग आली तेव्हा बरणीत नुसतं पाणी होतं.

ती धावत गच्चीवर गेली. दोरीवर, परकर आणि उशीच्या अभ्र्याच्या मधोमध, चिमटे लावून पानं टांगलेली. आठ. दोरीखाली आई आणि शेजारच्या भागीरथीकाकू पापड उलटत होत्या. भागीरथीकाकू मूळच्या तळवलीच्या. खाडीकाठी जन्म गेलेला.

"कुबट वास मारत होती गं," सुंदराबाई म्हणाल्या. गादी असो, रवा असो, वास आला की ऊन दाखवायचं, हा त्यांचा नेम. "दहाच मिनटं झाली."

"आणि तीन पानं?"

"कावळा," सुंदराबाई लगेच म्हणाल्या. भागीरथीकाकूंनी पापडातून मान वर काढली नाही.

संघमित्रा चिडली नाही. तिला रडूच आलं. तीन महिने पोटच्या पोरासारखं जपलेलं, आणि आता हातात चुरचुरीत पापुद्रे. तिनं ते पाण्यात सोडले ते केवळ निरोप द्यायला. वहीत मात्र सवयीनं नोंद केली: पानं अकरा, उरली आठ, तीन: कावळा.

सकाळी बरणीच्या खिडकीकडच्या बाजूला हिरवा धूर जमला होता. तिनं एक थेंब मायक्रोस्कोपखाली धरला. हजारो इवलेसे ठिपके, शेपट्या हलवत पोहत होते. ती फरशीवर बसून हसत सुटली.

"त्यात काय नवल हाय?" हसणं ऐकून आलेल्या भागीरथीकाकू म्हणाल्या. "खाडीचं पानी जातं, ऊन लागतं, पानी परत येतं. तू त्यांना बुडवूनच ठेवलेलंस."

संघमित्रा ओशाळली. भरती-ओहोटीवर तिनंच रिपोर्टात चार पानं लिहिली होती.

पण एकदा झालेलं मॅडम मानणार नव्हत्या. सोमवारी तिनं लॅबच्या फ्रीजमध्ये राखून ठेवलेली नवी पानं आणून दहा मिनिटं वाळवली, पाण्यात सोडली आणि वाट पाहिली. मंगळवारी सकाळी पाणी स्वच्छ.

"आई, नक्की दहा?"

"वीस असतील."

मंगळवारी वीस मिनिटं झाली. बुधवारीही पाणी स्वच्छच.

"आई, उद्या मॅडम येतायत. माझं काम जाईल गं."

सुंदराबाईंनी विळी आडवी केली. "दोन तास. पापड लाटताना गप्पांत विसरले." मग जरा थांबून, "आन टांगायच्या आधी नळाखाली धुतलीवती. दोनदा. खारट लागत होती."

संघमित्रानं शब्दन्‌शब्द उतरवून घेतला आणि पानं घेऊन नळाकडे पळाली.

गुरुवारी बरणीत हिरवा धूर दाटला होता. राजश्री मॅडमनी मायक्रोस्कोपला डोळा लावून पोहणारे ठिपके पाहिले. "वर्षभराची मुदतवाढ माझ्याकडून धर," त्या म्हणाल्या, आणि वही चाळायला लागल्या. "'नळाखाली दोनदा धुणे. कारण: खारट लागणे.' लागणे? चाखलं कुणी?"

संघमित्रानं आईकडे पाहिलं. सुंदराबाई गरम भज्यांची बशी घेऊन दारात उभ्या होत्या. मॅडमनी एक उचललं. "कसली आहेत?"

"कांद्याची," सुंदराबाई म्हणाल्या. "रविवारची हिनंच संपवली सगळी."

मॅडम भज्यात गुंतलेल्या पाहून संघमित्रानं वही हळूच ओढून घेतली. 'कावळा' हा शब्द खोडला आणि त्याच्यावर बारीक अक्षरात लिहिलं, 'मी'.